पॅड सोडून चौदा महिने झाले: कप, कापडी पॅड आणि पिरियड पँटी

आधीच सांगून टाकते, पर्यावरणाचा पुळका येऊन मी पॅड सोडले नाहीत. जांघेत दर महिन्याला उठणाऱ्या पुरळाला वैतागून सोडले. पाळी पाच दिवसांची, पुरळ त्यानंतरही आठवडाभर. म्हणजे महिन्यातले बारा दिवस चालताना तोंड वाकडं. कंपन्या बदलून झाल्या, सुगंधी सोडून बिनवासाचे घेऊन झाले, दर तीन तासांनी बदलून झाले. शेवटी एक मेन्स्ट्रुअल कप (योनीत घालून त्यात रक्त जमवायचं, ओतून-धुऊन पुन्हा वापरायचा सिलिकॉनचा कप), सहा कापडी पॅड आणि दोन पिरियड पँटी (रक्त शोषून घेणाऱ्या, धुऊन वापरायच्या चड्ड्या) असं सगळं एकदमच मागवलं. एकदम मागवणं हा मूर्खपणा होता, पण त्यामुळे तिन्हींची तुलना आयतीच झाली.

तेव्हापासून पंधरा पाळ्या झाल्या. पहिल्या तीन कपाशी भांडण्यात गेल्या, चौथीपासून जमलं. आणि वीस वर्षांत माझ्याबद्दल जे मला कळलं नव्हतं ते सातव्या पाळीत या कपाने दाखवलं. त्याकडे येतेच.

पहिला दिवस. व्हिडिओत बाई कप चिमटीत धरून इंग्रजी 'सी'सारखी घडी घालते आणि पुढच्या क्षणी हसते. माझ्या हातातली घडी दारातच सुटायची आणि कप फटकन उघडायचा. चौथ्या प्रयत्नात आत गेला. गेल्याचा आनंद सहा तास टिकला, कारण मग तो काढायचा होता. कपाच्या तळाला असते ती शेपटी बोटांना लागत होती, पण ओली आणि निसरडी. ओढलं की आतून काहीतरी खेचल्यासारखं वाटायचं. मी बाथरूमच्या फरशीवर उकिडवी बसून, घामाघूम, 'आता दवाखान्यात जाऊन काय सांगायचं' याची वाक्यं जुळवत होते. जवळजवळ चाळीस मिनिटं.

त्या चाळीस मिनिटांत मी एकच चूक पुन्हा पुन्हा करत होते: शेपटी ओढत होते. शेपटी ही कप कुठे आहे ते सापडायला असते, ओढायला नाही. कप आत उघडला की त्याची किनार भिंतींना चिकटते आणि हलकी पोकळी धरते, त्यामुळेच तर गळत नाही. ती पोकळी मोडल्याशिवाय ओढलं तर दुखणारच. कपाचा तळ दोन बोटांत दाबायचा, हवा शिरल्याचं जाणवतं, मग किंचित डावी-उजवीकडे हलवत खाली आणायचा. हात पोचत नसेल तर शौचाला बसल्यावर लावतो तसा हलका जोर लावायचा, कप आपसूक खाली येतो. आणि तो आत हरवत नाही. योनीच्या वरच्या टोकाला गर्भाशयाचं मुख असतं, त्याचं छिद्र इतकं बारीक की कप तिथून पलीकडे जाणं शक्यच नाही. हे मला माहीत होतं. पण फरशीवर बसलेलं असताना माहीत असून उपयोग होत नाही.

दुसऱ्या पाळीत काढणं जमलं, पण गळायला लागलं. कप अर्धाच भरलेला आणि तरीही डाग. आधी वाटलं कप खराब निघाला. मग एका मैत्रिणीने विचारलं, 'तुझं गर्भाशयमुख खाली आहे की वर, बघितलंस का?' मी गप्प. पाळी चालू असताना स्वच्छ धुतलेलं बोट आत घालून पाहायचं, नाकाच्या शेंड्यासारखं काहीतरी लागतं, तेच ते. पहिल्या पेरापाशीच लागलं तर खाली, पूर्ण बोट जाऊनही लागलं नाही तर वर. माझं पहिल्या दोन दिवशी पार खाली येतं आणि चौथ्या दिवसापर्यंत वर सरकतं. म्हणजे मी कप जोर लावून वर ढकलत होते आणि तो गर्भाशयमुखाच्या शेजारून निघून जात होता. पाहुणा दारात उभा आणि मी भांडं खिडकीखाली धरलेलं, असा प्रकार. आता कप खालीच ठेवते, रोख पाठीच्या कण्याकडे. शेपटी टोचायची म्हणून कातरीने थोडी थोडी करून पूर्ण कापली. (कप बाहेर काढून कापा. सांगायची गरज नसावी, पण मला एकीने विचारलं होतं.)

पाकिटावर वय आणि बाळंतपण पाहून लहान-मोठा आकार निवडायला सांगतात. माझ्या मते त्याहून महत्त्वाची ही उंची, आणि कपाचा कडकपणा. मऊ कप आत नीट उघडत नाही, कडक कप पटकन उघडतो पण मूत्रमार्गावर दाब देतो. माझा पहिला कप कडक होता. लघवीला बसलं की धार बारीक व्हायची, आणि पूर्ण झाल्यासारखं वाटायचंच नाही. दुसरा मध्यम घेतला, तो त्रास गेला.

दुसरा का घ्यावा लागला ते ऐका. दोन पाळ्यांच्या मध्ये कप पाच-दहा मिनिटं उकळायचा असतो. मी गॅसवर ठेवला, फोन आला, बोलत बसले. भांड्यातलं पाणी कधीच आटलं होतं. सिलिकॉन उकळत्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं, कोरड्या तापलेल्या बुडाला चिकटून बसल्यावर टिकत नाही. तो वास दोन दिवस घरात होता. आता भरपूर पाणी, आणि कप फेटायच्या व्हिस्कच्या जाळीत अडकवून ठेवते म्हणजे बुडाला लागत नाही. आणि गजर लावते.

रोजची स्वच्छता मात्र सोपी. बिनवासाचा साबण आणि पाणी. किनारीखाली जी बारीक छिद्रं असतात ती बुजली की पोकळी मोडायला त्रास होतो. कप पाण्याने काठोकाठ भरायचा, तोंडावर तळहात दाबायचा आणि कप पिळायचा, छिद्रांतून पाण्याच्या बारीक धारा उडतात. पहिल्यांदा आरशावर उडाल्या. कप पिवळसर पडतो, तो काही बिघाड नाही. हवाबंद डबीत ठेवू नका, सोबतची कापडी पिशवी त्यासाठीच असते.

आता त्या सातव्या पाळीबद्दल.

माझ्या कपावर आतून रेघा आहेत, मिलिलिटरच्या. कप ३० मिलिलिटरचा. कंटाळा म्हणा, कुतूहल म्हणा, मी ओतण्याआधी आकडा बघून फोनमध्ये टिपायला लागले. दुसऱ्या दिवशी चार तासांत कप काठापर्यंत. पाच दिवसांची बेरीज ११५. सर्वसाधारणपणे एका पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं आणि ८० च्या वर गेलं तर ते जास्त धरतात, हे मी त्या रात्री वाचलं. कपात जमतं ते सगळं रक्त नसतं, त्यात स्राव आणि अस्तराचे तुकडेही असतात, म्हणून आकडे सरळ ताडून पाहता येत नाहीत. तरी पुढच्या पाळीला ११०, त्यापुढच्या पाळीला १२०. पॅडवर हे कधी दिसलंच नव्हतं. पॅडवर फक्त 'भिजलं' आणि 'नाही भिजलं' एवढंच दिसतं. आईलाही असंच जायचं, बहिणीलाही, त्यामुळे आमच्या घरात ते 'नेहमीचं' होतं.

डॉक्टर बाईंना फोनमधली यादी दाखवली. त्या म्हणाल्या, आकड्याला फार चिकटू नका, पण रक्ताच्या गाठी पडतात का, जिना चढताना धाप लागते का, ते सांगा. दोन्ही होतं. हिमोग्लोबिन ११.४ आलं, म्हणजे १२ च्या रेषेच्या जरासं खाली. पण फेरिटिन ९. फेरिटिन म्हणजे शरीराची लोहाची शिल्लक, प्रौढांमध्ये ती १५ च्या खाली गेली की कमतरता मानतात. सोनोग्राफीत फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी) वगैरे काही निघालं नाही. लोहाच्या गोळ्या आणि जास्त जाणाऱ्या दिवसांपुरतं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, म्हणजे रक्तस्राव कमी करणारं औषध, लिहून दिलं. मी इतकी वर्षं दुपारी चारला गळून जायचे ते आळसामुळे, असं मी आणि घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

कापडी पॅड माझ्या पुरळावरचं खरं औषध ठरले. वर सुती कापड, मध्ये शोषून घेणारे थर, खाली पाणी न झिरपणारा पातळ थर, पंखांना प्रेस बटण. पहिल्या वापराआधी दोन-तीनदा धुवा, कोरं कापड शोषत नाही, वरून ओघळतं. धुण्याचा नियम एकच आहे आणि तो मोडला की पॅड गेला: आधी थंड पाणी. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं गोठून धाग्यात घट्ट बसतात आणि तपकिरी डाग कायमचा. मी आल्याबरोबर बादलीत टाकते, पाणी लाल होतं, ते टाकते, पुन्हा गुलाबी, पुन्हा टाकते, तिसऱ्यांदा जवळजवळ नितळ. मग साबण. सॉफ्टनर घालायचं नाही, त्याने शोषण मरतं. ऊन मिळालं तर चांगलंच. दमट हवेत दोन दिवस लागतात आणि अर्धवट वाळलेला पॅड घालणं म्हणजे पुरळाला आमंत्रण, म्हणून सहा पुरत नाहीत, दहा तरी हवेत. बाहेर असताना वापरलेला पॅड घडी करून बटण लावून पिशवीत ठेवता येतो, पण दिवसभर तो बरोबर वागवायचा हे मला आजही आवडत नाही.

पिरियड पँटी. रात्री कपाबरोबर आधाराला आणि शेवटच्या दिवशी एकटी, एवढीच तिची लायकी माझ्यापुरती. दुसऱ्या दिवशी तिच्यावर विसंबले आणि दोन तासांत पश्चात्ताप झाला. जिला कमी जातं तिला ती सगळ्यात आवडेल. घेताना पीफास (PFAS, कापडाला पाणी आणि डाग लागू नयेत म्हणून वापरतात ती रसायनं) नाही असं लिहिलेलं आहे का ते पाहा, काही पँट्यांत ती सापडल्यावर बराच गदारोळ झाला होता.

सार्वजनिक स्वच्छतागृहांचा प्रश्न सगळ्या विचारतात. बेसिन बाहेर आणि कप आत, मग काय? पाण्याची छोटी बाटली बरोबर नेते, कमोडवरच धुते. बाटली नसेल तर कागदाने पुसून परत घालते, घरी आल्यावर धुते. हात मात्र आत जाण्याआधीही धुवायचे, फक्त नंतर नाही. कप आठ ते बारा तास राहतो म्हणतात, त्यामुळे एरवी ही वेळ येतच नाही; माझी दुसऱ्या दिवशी यायची.

बारा तासांच्या वर मात्र ठेवू नका. टॉक्सिक शॉक सिंड्रोम, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे होणारा दुर्मीळ पण जिवावर बेतू शकणारा आजार, १९८० च्या सुमारास अतिशोषक टॅम्पॉनमुळे (योनीत घालायच्या, रक्त शोषणाऱ्या सुरळ्या) गाजला, कपाने तो क्वचितच झाला आहे, पण झाला आहे. कप आत असताना अचानक ताप, उलट्या, अंगावर लाली आली तर कप काढा आणि डॉक्टर गाठा. कॉपर-टी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण पोकळी न मोडता कप ओढला तर कॉपर-टी सरकू शकते. अंग बाहेर येण्याचा त्रास असेल तरीही विचारूनच.

'द लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये २०१९ साली कपांवरच्या ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. गळतीत कप इतर साधनांइतकाच किंवा त्याहून बरा ठरला, आणि सवयीला काही पाळ्या लागतात हेही त्यात होतं. मी तो वाचला तिसऱ्या पाळीनंतर. आधी वाचला असता तर फरशीवर जरा कमी रडले असते.

बहिणीलाही कप दिला होता, नवा. दोन पाळ्या प्रयत्न केला, म्हणाली मला आत काही घालायची कल्पनाच सहन होत नाही, आणि ठेवून दिला. मी आग्रह केला नाही. तिने माझे कापडी पॅड पाहून स्वतःचे घेतले, ती खूश आहे. फेरिटिन मात्र तिला तपासायला लावलं. ११ आलं.

माझं आता २८ आहे. गेल्या पाळीची बेरीज ७५, दुसऱ्या दिवशी कप सात तास टिकला. पुरळ जवळजवळ गेलं. प्रवासात घाईत साधा पॅड लावला तेव्हा एकदा उठलं होतं. गॅसवर सध्या कप उकळतोय, गजर चार मिनिटांनी आहे.