अंगणवाडी, कॉन्व्हेंट की शेजारची म्हातारी? वेचणीच्या दिवसांतला हिशेब

दिवाळीच्या सुमाराला पऱ्हाटी फुटते, बाया कापूस वेचायला जातात आणि आमच्या घाटंजी तालुक्यात घरोघरी एकच घोर लागतो, लेकरू कोणाजवळ ठेवायचं? आजी आहेच, असं सगळे म्हणतात. आमच्या मायने दोन दिवसांत हात टेकले. म्हणे, "बाबू, हे पोट्टं पयते अन् मले त धड उठनंबी होत नाही." मग मोठ्या पोरीच्या वेळी अंगणवाडी झाली, पुढच्या वर्षी कॉन्व्हेंट, म्हणजे इंग्रजी बालवाडी, झालं आणि धाकट्यासाठी आता तिसरीच सोय आहे.

पैशाचं आधी सांगतो. अंगणवाडी फुकट. तालुक्याच्या कॉन्व्हेंटला आम्ही महिन्याला १,००० फी आणि व्हॅनचे ७०० मोजत होतो. वस्तीतली एक म्हातारी, जिला सगळे मोठी माय म्हणतात, ती एका लेकराचे दिवसाला ४० रुपये घेते. वरवर पाहता फुकटाला तोड नाही, आणि खायला-प्यायला अंगणवाडीच बरी. गरम खिचडी, उसळ, महिन्याला वजन. कॉन्व्हेंटच्या डब्यात आमच्या पोरीचं कुरकुऱ्यांवर भागत होतं.

माझं मन फिरलं ते दुपारच्या एक वाजण्यामुळे.

अंगणवाडी एकच्या सुमारास सुटायची, व्हॅनही दीडला पोरीला चौकात सोडायची. चौकातच, वस्तीत नाही. त्या वेळी घरी कोणीतरी हवं, आणि ते कोणीतरी म्हणजे बायकोच. ती साडेबारालाच कमरेची कापसाची ओटी सोडून वावरातून निघायची. मजुरांचा ऑटो पाचशिवाय परतत नाही, म्हणून तीन किलोमीटर उन्हात पायी. कापसाचा काटा, म्हणजे वजन, होतो संध्याकाळी, म्हणून तिचं गाठोडं वेगळं ठेवावं लागे; त्यावर मुकडदमाची कुरकुर, कधी कोणाच्या ढिगात मिसळलं म्हणून भांडण. सकाळी दवात कापूस ओला असतो, हात चालत नाही. खरी वेचणी होते ती दुपारी, आणि नेमकी दुपारीच ती घरी.

आमच्याकडे गेल्या हंगामात वेचणीची मजुरी किलोला १० रुपये होती. अर्ध्या दिवसात तिचा १८ किलो कापूस होई, पूर्ण दिवसात ४०. म्हणजे १८० आणि ४००. मोठ्या मायचे ४० वजा केले तरी दिवसाला १८० जास्त उरतात. साठ दिवस वेचणी धरा, १०,८०० होतात. प्रत्येकाचा हात सारखा नसतो, तुमचा आकडा वेगळा येईल. पण फुकटची अंगणवाडी आम्हाला रोज २२० रुपयांना पडत होती, हे कळायला एक अख्खा हंगाम गेला. कॉन्व्हेंटच्या वर्षी तर पैसेही गेले आणि दुपारही.

यात अंगणवाडीचा दोष काढावासा वाटत नाही. १९७५ साली ती योजना आली तीच मुळी पोषण, आरोग्य आणि शाळेआधीच्या शिकवणीसाठी. आईच्या मजुरीचं घड्याळ तिच्यासमोर नव्हतं. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने मात्र ते पाहिलं होतं. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असली तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिलाही मजुरी द्यायची, अशी त्यात तरतूद होती. खासगी वावरात असं कोण करतं? तिथं लेकरू धुऱ्यावरच्या झाडाखाली, नाहीतर मोठी बहीण शाळा बुडवून घरी. ती बुडालेली शाळा कोणत्याच काट्यावर येत नाही. कर्नाटकात २०२३ पासून ग्रामपंचायतींमध्ये 'कूसिन मने' नावाची पाळणाघरं सुरू झाली. आपल्याकडे अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची केंद्राची 'पाळणा' योजना आहे. तुमच्या गावाला ती मिळाली असेल तर हा लेख इथेच सोडा आणि नाव नोंदवून या.

मोठ्या मायकडे सगळं छान आहे असंही नाही. अक्षरओळख शून्य. मोबाईलवर कार्टून लावून देते. तिच्या नात्यात लग्न निघालं की दोन दिवस सुट्टी, आणि ते आदल्या रात्री कळतं. एकाला सर्दी झाली की तिच्याकडच्या सातही लेकरांना होते. म्हणून आम्ही दोन्ही जोडलं. धाकटा सकाळी अंगणवाडीत जातो, खिचडी खातो, एक वाजता मोठी माय सगळ्यांना सोबत घेऊन येते आणि पाचपर्यंत ठेवते. डिसेंबर २०२३ मध्ये ऐन वेचणीत अंगणवाडी सेविकांचा संप झाला, जानेवारीपर्यंत लांबला. मागण्या रास्त होत्या, तरी आमची पंचाईत झालीच. आता तसं झालं तर दिवसभर ठेवायला ती आहे.

शिवाय सात लेकरांचे तिला दिवसाला २८० मिळतात. गुडघ्यांमुळे वेचणी सुटलेल्या बाईच्या हातात गावातलाच पैसा येतो, हे मला कॉन्व्हेंटच्या फीपेक्षा बरं वाटतं.

तुमच्या दोघांच्या नोकऱ्या तालुक्यालाच असतील आणि दीडला कोणी मोकळं होत असेल, तर कॉन्व्हेंट वाईट नाही. आमच्या पोरीला इंग्रजी कविता अजून पाठ आहेत. पण घर मजुरीवर चालत असेल तर फीआधी सुटायची वेळ विचारा. आणि अशी कोणी बाई तुमच्या वस्तीत असेल तर दसऱ्याच्या आधीच बोलून ठेवा. दिवाळीनंतर विचारायला जाल तोवर तिच्या ओसरीवर सात लेकरं बसलेली असतात, आणि आमची मोठी माय तरी आठवं घेत नाही.