सिझमची तयारी: आयसाकाचा क्यूएई प्रश्नसंच घ्यावा का, आणि घेतला तर कसा वापरावा

सिझम (सर्टिफाइड इन्फर्मेशन सिक्युरिटी मॅनेजर) या माहिती सुरक्षेच्या प्रमाणपत्राच्या तयारीसाठी खिशातून एकदाच पैसे काढायचे असतील, तर ते ही परीक्षा घेणाऱ्या आयसाका या संस्थेच्या अधिकृत ऑनलाइन प्रश्नसंचावर काढावेत. याला सगळे क्यूएई (क्वेश्चन्स, आन्सर्स अँड एक्स्प्लनेशन्स) म्हणतात. सदस्यांना २९९ डॉलर, इतरांना ३९९ डॉलर. त्यात १२ महिन्यांचं सबस्क्रिप्शन आणि हजारभर प्रश्न मिळतात. रक्कम अंगावर येते हे खरं. पण बाजारात एवढ्या नेमकेपणाने परीक्षकाच्या डोक्यात शिरू देणारं दुसरं साहित्य नाही.

आधी परीक्षेचं गणित. १५० प्रश्न, ४ तास, म्हणजे एका प्रश्नाला ९६ सेकंद. गुण २०० ते ८०० या पट्टीवर देतात आणि ४५० ला पास. ही पट्टी टक्केवारीची नाही, त्यामुळे क्यूएईतल्या टक्क्यांवरून परीक्षेतल्या गुणांचा हिशोब मांडत बसू नये. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. जून २०२२ पासून चार डोमेनची, म्हणजे अभ्यासक्रमाच्या चार भागांची, विभागणी अशी आहे: गव्हर्नन्स १७ टक्के, रिस्क मॅनेजमेंट २०, सिक्युरिटी प्रोग्राम ३३ आणि इन्सिडंट मॅनेजमेंट ३०. शेवटची दोन मिळून साधारण ९५ प्रश्न होतात. बरेच जण पहिल्या डोमेनवर महिना घालवतात आणि इन्सिडंट मॅनेजमेंट शेवटच्या आठवड्यात उरकतात. वेळेची वाटणी नेमकी उलटी हवी.

आता क्यूएईची खरी ताकद. प्रत्येक प्रश्नाखाली चारही पर्यायांचं स्पष्टीकरण असतं: बरोबर पर्याय का बरोबर आणि उरलेले तीन का चूक. त्याच धाटणीचा हा एक प्रश्न घ्या. विक्री विभागाने सिक्युरिटी टीमला न कळवता क्लाउडवरची एक सेवा वापरायला सुरुवात केली आहे. सिक्युरिटी मॅनेजरने सर्वप्रथम काय करावं? पर्याय: सेवा ब्लॉक करणं, वरिष्ठ व्यवस्थापनाला कळवणं, जोखमीचं मूल्यमापन करणं, पॉलिसी बदलणं. फायरवॉलवर दहा वर्षं काढलेल्या माणसाचा हात थेट ब्लॉककडे जातो. उत्तर आहे जोखमीचं मूल्यमापन. त्या सेवेत कोणता डेटा जातोय आणि धंद्याचं काय अडकलंय हे माहीत नसताना ब्लॉक केलं, तर विक्रीच बंद पडू शकते. वर कळवायला गेलात तर पहिला प्रश्न येणार की धोका किती, आणि हातात आकडा नसणार. पॉलिसीचा विचार त्याही नंतरचा. वर कळवणं आणि पॉलिसी सुधारणं यात गैर काही नाही, पण प्रश्न क्रमाचा आहे. परीक्षेतले बहुतेक प्रश्न असेच असतात: तीन पर्याय करण्याजोगे, पण विचारलेल्या शब्दात बसणारा एकच. ‘फर्स्ट’, ‘बेस्ट’, ‘मोस्ट’, ‘प्रायमरी’ हे शब्द मोठ्या अक्षरांत छापतात ते त्यासाठीच. ‘फर्स्ट’ला क्रम बघायचा, ‘बेस्ट’ला सगळ्यात जास्त मुळाशी जाणारा उपाय.

भारतात काम करणाऱ्यांची एक खास चूक इन्सिडंट मॅनेजमेंटमध्ये दिसते. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. रोजच्या कामात हा ६ तासांचा काटा इतका अंगवळणी पडतो की ‘नियामकाला कळवा’ हा पर्याय दिसला की तोच निवडला जातो. परीक्षा कुठल्याही एका देशाच्या कायद्यावर बेतलेली नाही. तिथे आधी घटना खरंच घडली आहे का याची खातरजमा, मग फैलाव रोखणं, मग मूळ कारण आणि पूर्ववत करणं असा क्रम धरायचा. आयडीएसचा (घुसखोरी टिपणाऱ्या यंत्रणेचा) अलर्ट आला म्हणजे इन्सिडंट झाला असं परीक्षा मानत नाही.

क्यूएई वापरायची पद्धत. प्रत्येक डोमेनचे ३०-४० प्रश्न काहीही न वाचता सोडवा. नेमकी भोकं कुठे आहेत ते तिथेच कळतं. मग त्या भागापुरतं रिव्ह्यू मॅन्युअल, म्हणजे आयसाकाचं अभ्यासाचं पुस्तक, उघडा. मॅन्युअल पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचायच्या फंदात पडू नये. भाषा कोरडी आहे, पुनरुक्ती पुष्कळ आहे. संदर्भासाठी मात्र ते जवळ हवंच, कारण संज्ञा तिथल्याच अर्थाने येतात. त्यानंतर रोज ५० प्रश्नांचा एक संच, घड्याळ लावून, ८० मिनिटांत. तपासताना बरोबर आलेल्या प्रश्नांचंही स्पष्टीकरण वाचा. अंदाजाने बरोबर आलेलं उत्तर धोक्याचं, कारण ते आकडेवारीत चूक म्हणून दिसतच नाही. एका वहीत तीन रकाने करा: काय निवडलं, का निवडलं, परीक्षकाने काय बघितलं. शंभरेक चुका लिहून झाल्या की त्याच त्या चार-पाच सवयी वर येतात.

त्या सवयी साधारण ठरलेल्या असतात. जोखीम स्वीकारण्याचा अधिकार सिक्युरिटी मॅनेजरला दिला जातो. तो त्या व्यवसायाच्या मालकाचा किंवा वरिष्ठ व्यवस्थापनाचा. डेटाचं वर्गीकरण आयटीवर ढकललं जातं. ते डेटा ओनरचं, म्हणजे त्या डेटाची जबाबदारी असलेल्याचं काम. आरटीओ (म्हणजे किती वेळात सेवा परत उभी राहिली पाहिजे) बॅकअपच्या क्षमतेवरून ठरवला जातो. तो बिझनेस इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिसमधून, म्हणजे सेवा बंद पडली तर धंद्यावर काय परिणाम होईल याच्या अभ्यासातून येतो आणि बॅकअप त्याला साजेसा निवडायचा असतो. त्याच्या जोडीचा आरपीओ म्हणजे किती वेळाचा डेटा गेला तर चालेल. या दोघांत घोळ घालणारे प्रश्न हमखास येतात.

आता उणिवा. हजार प्रश्न पुष्कळ वाटतात, पण दुसऱ्या फेरीपासून उत्तरं पाठ व्हायला लागतात. दुसऱ्या फेरीत ९० टक्के पडले की माणूस तयारी झाली असं धरून चालतो, आणि ते ९० टक्के स्मरणशक्तीचे असतात. विश्वास पहिल्या फेरीच्या आकड्यावर ठेवावा. म्हणून २०० प्रश्न सुरुवातीलाच बाजूला काढून शेवटच्या पंधरवड्यासाठी न बघितलेले ठेवावेत. छापील आवृत्तीही मिळते आणि तिला मुदतीची कटकट नाही, पण हवे तसे संच बनवायची सोय ऑनलाइनमध्येच आहे. सबस्क्रिप्शनचं घड्याळ खरेदीपासून फिरायला लागतं, तेव्हा अभ्यासाला बसायची तारीख ठरल्याशिवाय घेऊ नये.

टेलिग्रामवर फुकट फिरणाऱ्या डम्पच्या, म्हणजे परीक्षेतून फोडलेल्या प्रश्नांच्या संचांच्या, वाटेला जाऊ नका. त्यांत उत्तरं बहुधा स्पष्टीकरणाविना असतात, कितीतरी सरळ चूक असतात आणि अनेक प्रश्न २०२२ च्या आधीच्या रचनेतले असतात. शिवाय परीक्षेतले प्रश्न बाहेर फोडणं आणि वापरणं हा आयसाकाच्या नियमांचा भंग आहे. ज्या पदासाठी हे प्रमाणपत्र घ्यायचं त्या पदाला हे मुळीच शोभत नाही.

पैशांचा हिशोबही करून ठेवा. परीक्षेची फी सदस्यांना ५७५ डॉलर, इतरांना ७६०. परीक्षेत १८५ आणि क्यूएईत १००, म्हणजे सदस्याचे २८५ डॉलर वाचतात. आयसाकाची आंतरराष्ट्रीय वर्गणी आणि मुंबई किंवा पुणे चॅप्टरची (स्थानिक शाखेची) वर्गणी मिळून सहसा एवढी होत नाही. म्हणून आधी सदस्यत्व, मग बाकीची खरेदी. पैसे भरण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा. बहुतेक कार्डांवर ते मुळात बंद असतात आणि पेमेंट कारण न सांगता नाकारलं जातं.

परीक्षा घरून द्यायची असेल तर ऑफिसचा लॅपटॉप वापरू नका. त्यावरची डीएलपी, व्हीपीएन आणि एंडपॉइंट एजंट ही कंपनीची सुरक्षा सॉफ्टवेअर परीक्षेच्या सुरक्षित ब्राउझरला आडवी येतात आणि ती बंद करायचे अधिकार तुमच्याकडे नसतात. स्वतःचा लॅपटॉप, एकच स्क्रीन, मोकळं टेबल, राउटरला इन्व्हर्टर. प्रश्न पुटपुटत वाचायची सवय असेल तर सरावातच मोडा, कॅमेऱ्यापलीकडचा निरीक्षक त्याला हरकत घेतो. घरात शांतता नसेल तर सरळ सेंटर निवडा.

क्यूएई कोणी घेऊ नये? ज्यांना माहिती सुरक्षेचा विषयच नवा आहे त्यांनी. हा संच शिकवत नाही, शिकलेल्याला वळण लावतो. आणि प्रमाणपत्र हातात पडायला पास होणं पुरत नाही: ५ वर्षांचा अनुभव, त्यातली ३ सिक्युरिटी मॅनेजमेंटची, निदान तीन डोमेनमध्ये. सीआयएसएसपी किंवा सिसा यांपैकी एखादं प्रमाणपत्र असेल तर सर्वसाधारण अनुभवातली २ वर्षं माफ होतात, मॅनेजमेंटची ३ मात्र त्यांनी माफ होत नाहीत. पास झाल्यावर अर्जासाठी ५ वर्षांची मुदत मिळते, त्यामुळे एखाद-दुसरं वर्ष कमी पडत असेल तर परीक्षा आत्ता देऊन टाकायला हरकत नाही.