सेकंड लाईफमधलं बर्फाचं रिसॉर्ट: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वापरून आलेला अनुभव

दिवाळी झाल्यावर मी सेकंड लाईफ या कॉम्प्युटरवरच्या आभासी जगातल्या एका बर्फाच्या रिसॉर्टमध्ये जायला लागले. आता आमच्या बेळगावजवळच्या खानापुरात पावसाने झोड उठवलीय, तरी जाणं चालूच आहे. भाड्याचं केबिन, फुकटचं स्केटिंग, डोंगरावरून घसरायची गाडी, सगळं वापरून झालंय, म्हणून मनापासून लिहितेय. आधीच सांगते, नुसता बर्फ बघायला गेलात तर आठवड्यात कंटाळाल. कुणाला शेजारी बसवून सावकाश फिरलात, तर ती जागा सोडवत नाही.

सेकंड लाईफ २००३ पासून चालू आहे. इथे जिंकणं-हरणं नाही. आपलं एक रूप घ्यायचं आणि फिरायचं. जमिनीचा एक तुकडा, म्हणजे रिजन, २५६ मीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो. त्यावरची घरं, झाडं, बर्फ, जवळजवळ सगळं वापरणाऱ्या लोकांनीच बनवलेलं. पुष्कळ ठिकाणी नोव्हेंबरात बर्फ घालतात आणि जानेवारी सरला की काढून टाकतात. मी जाते ते रिसॉर्ट बारमाही आहे. भर मे महिन्यात, पंखा गरम हवा फेकत असताना, तिथल्या गोठलेल्या तळ्यावर जाऊन उभं राहायला मला फार आवडलं.

आमच्या भागात थंडी नवी नाही. जांबोटी-कणकुंबीकडे धुकं असं उतरतं की समोरची एसटी दिसत नाही. पण बर्फ आमच्या माणसांनी पाहिला तो फौजेत. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, त्यामुळे इकडच्या गावागावांत कुणी ना कुणी वर लेह-कारगिलला राहून आलेलं असतं. माझे बाबा त्यातलेच, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. एका संध्याकाळी ते मागे येऊन उभे राहिले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "अगं, ह्यो बर्फ नव्हं, कापूस हाय. पाय कुठं रुततोय?"

खरंच, पाय रुतत नाही. चालताना मागे ठसे उमटत नाहीत. रिसॉर्टने फुकट दिलेले बूट घातले तर करकर आवाज येतो, पण ताज्या बर्फावर आणि तळ्यावर तो एकसारखाच. बाबांचं म्हणणं, थंडी जितकी कडक तितका बर्फ पायाखाली जास्त वाजतो, आणि ताजा बर्फ पडला की लांबचे आवाजच मरतात. रिसॉर्टवर मात्र वाऱ्याच्या आवाजाचा एकच तुकडा फिरून फिरून वाजतो. मी तो आवाज बंदच ठेवते.

उजेड मात्र ज्याने केला त्याला सलाम. मावळतीला देवदारांच्या सावल्या बर्फावर निळसर पडतात. ते बघून बाबा खुर्ची ओढून बसले. काळ्या काचांचा चष्मा न लावता दुपारी बाहेर पडलं तर डोळे कसे जळतात, बुखारीभोवती, म्हणजे तिथल्या शेगडीभोवती, मोजे कसे वाळत घालायचे, हे त्यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं. आता रात्री जेवण झालं की तेच विचारतात, "जायचं का वर?" मी चालवते, ते वाट सांगतात. माझ्या लेखी या रिसॉर्टची खरी किंमत एवढ्यातच वसूल झाली.

केबिनबद्दल तक्रार आहे. बर्फ घरात पडतो! इथला पडणारा बर्फ म्हणजे पार्टिकल, नुसते दिसायचे ठिपके, आणि ते छपराला अडत नाहीत, सरळ आरपार जातात. जाणकार बनवणारे बर्फाचे उगम, म्हणजे ज्यातून तो पडतो त्या वस्तू, घरापासून लांब ठेवतात आणि खिडकीबाहेर हलतं चित्र लावतात. माझ्या केबिनमध्ये तसं केलेलं नव्हतं आणि शेकोटीवर भुरभुर चालायची. मालकिणीला निरोप ठेवला, तिने उगम सरकवले, पण त्यासाठी बरेच दिवस वाट बघावी लागली.

स्केटिंग उत्तम. तळ्याकाठच्या पाटीवर क्लिक केलं की आपल्या रूपाला हलवायची परवानगी मागतात, ती बिनधास्त द्या. पण एखादी वस्तू तुमच्या खात्यातून पैसे काढायची परवानगी मागायला लागली, तर नाही म्हणा. प्रेक्षणीय जागेला त्याची गरज नसते. घसरगाडी एकदा करून बघण्यापुरती ठीक.

तिथलं घड्याळ कॅलिफोर्नियाचं. त्यांचा संध्याकाळी ७ चा गाण्याचा कार्यक्रम हिवाळ्यात आपल्या सकाळी साडेआठला येतो, आणि मार्चमध्ये त्यांची घड्याळं पुढे गेली की साडेसातला. डबे भरायच्या वेळेला कसलं गाणं ऐकणार? आपल्या रात्री तिथे त्यांची सकाळ असते, गर्दी कमी असते. आम्हाला तेच बरं पडतं.

गर्दीचा संबंध कॉम्प्युटरशीही आहे, माणसं वाढली की तो अडखळतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर ड्रॉ डिस्टन्स, म्हणजे किती लांबपर्यंतचं दिसावं ते, ६४ मीटरवर आणा आणि पार्टिकलची संख्या उतरवा. जड सजावटीची माणसं साध्या रंगीत आकारात दाखवायची सोय आहे, तीही लावा. पोचल्या पोचल्या सगळं करडं दिसतं. घाई करू नका, चित्रं उतरेपर्यंत एका जागी थांबा. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते तेव्हा अर्थात तळ्याच्या मध्यावरूनच बाहेर फेकले जातो. परत येताना शेवटची जागा निवडली की बहुतेक वेळा तिथेच उतरता येतं.

फिरणं फुकट, खातंही फुकट. केबिनचं भाडं लिंडन डॉलर या तिथल्या चलनात, आणि साधारण अडीचशे लिंडनला एक अमेरिकी डॉलर पडतो. भाडं आठवड्याचंच भरा. बरीच रिसॉर्ट जमिनीचा खर्च झेपला नाही की एका रात्रीत उठून जातात, आणि आगाऊ भरलेलं परत मागायला तिथे कुणी सापडत नाही.