बाराव्या पायरीतला एक शब्द

दारू सोडून मला २०२३ मध्ये वीस वर्षं पूर्ण झाली. न्यू जर्सीतल्या आमच्या एए (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस) ग्रुपमध्ये त्या दिवशी मेडल मिळतं, केक कापतात. मला त्या वर्षी आणखी एक गोष्ट हवी होती: एएचं मूळ पुस्तक ‘बिग बुक’, त्याची पहिली आवृत्ती, तीही पहिल्या छपाईची.

ज्यांना हे वेड नाही त्यांच्यासाठी सांगतो. बिल विल्सन आणि डॉ. बॉब १९३५ मध्ये ओहायोतल्या अॅक्रनला भेटले आणि एए सुरू झालं. एप्रिल १९३९ मध्ये दारू सोडण्याच्या बारा पायऱ्या सांगणारं पुस्तक आलं. किंमत साडेतीन डॉलर. त्या काळात ही रक्कम मोठी, म्हणून घेणाऱ्याला पैसे वसूल झाल्यासारखं वाटावं यासाठी मुद्दाम जाडजूड कागद वापरला. ‘बिग बुक’ हे नाव त्यावरूनच पडलं. पहिल्या छपाईच्या पाच हजारही प्रती नव्हत्या. लाल कापडी बांधणी, वर लाल-पिवळं-काळं भडक वेष्टन, ज्याला संग्राहक ‘सर्कस जॅकेट’ म्हणतात. याच पुस्तकाचं दुरुस्त्या केलेलं टंकलिखित २०१८ मध्ये लिलावात २४ लाख डॉलरला गेलं. एवढा पैसा दिसला की लबाड लोक मागोमाग येतातच.

मला विकणारा माणूस ओळखीतून ओळख काढत आला. तीन आठवडे फोनवर बोलत होता, पण पुस्तकाबद्दल कमी आणि स्वतःच्या पिण्याबद्दल जास्त. आजोबा अॅक्रनला डॉ. बॉबच्या हाताखाली सुधारले, त्यांना स्वतः डॉक्टरांनी हे पुस्तक सही करून दिलं, असं सांगताना त्याचा आवाज भरून आला. माझाही आला. आजोबांचं नाव विचारलं तर म्हणाला, “भाऊ, अनामिकतेची परंपरा तुला मी शिकवायची का?” मी ओशाळलो आणि गप्प बसलो.

तिथेच माझं चुकलं. एएत सभासदाची ओळख उघड न करण्याचा नियम म्हणजे अनामिकतेची अकरावी परंपरा, आणि ती वृत्तपत्रं, रेडिओ, सिनेमा यांच्यापुरती आहे. बारा हजार डॉलरच्या व्यवहारात वस्तू कुणाकडून कुणाकडे आली हे विचारण्याला तिची आडकाठी नाही. ज्या नियमाने आमच्यासारख्यांची अब्रू राखली, त्याच नियमाआड तो लपला. पैसे ‘मित्राला पाठवतोय’ म्हणून पाठवायला सांगितले, म्हणजे फी वाचते. फी वाचली, आणि खरेदीदाराला मिळणारं संरक्षणही गेलं.

पुस्तक आलं तेव्हा मी रडलो, हे लपवत नाही. लाल कापड, आतल्या पानावर ‘फर्स्ट प्रिंटिंग’, समोर सही आणि १९३९ साल. सोबतच्या ‘अस्सलतेच्या प्रमाणपत्रा’वर विकणाऱ्याचीच सही होती, त्याकडेही मी दुर्लक्ष केलं.

चार दिवसांनी माझ्या स्पॉन्सरकडे, म्हणजे दारू सोडताना आधार देणाऱ्या जुन्या सभासदाकडे, घेऊन गेलो. म्हातारा ऐंशीच्या पुढचा, उभं आयुष्य छापखान्यात गेलेलं. त्याने पुस्तक उघडलंही नाही. “बारावी पायरी वाच,” म्हणाला. मी पाचवं प्रकरण काढलं आणि वाचलं. “पुन्हा वाच. बोट ठेवून.” माझं बोट ‘अवेकनिंग’वर थांबलं. पहिल्या छपाईत तिथे ‘स्पिरिच्युअल एक्स्पिरिअन्स’ आहे. काहीतरी दिव्य साक्षात्कारच व्हायला हवा असा वाचकांचा समज होऊ लागला, म्हणून १९४१ च्या दुसऱ्या छपाईत तो शब्द बदलला आणि खुलासा करणारं परिशिष्ट मागे जोडलं. ते परिशिष्टही माझ्या प्रतीत होतं. उलट पहिल्या छपाईनंतर वगळलेली ‘लोन एन्डेव्हर’ ही कहाणी नव्हती. म्हणजे दुसऱ्या छपाईचं पुस्तक उसवून लाल कापडात बांधलेलं, आणि पुढचं पान दुसरीकडून आणून चिकटवलेलं. मी वीस वर्षं प्रत्येक मीटिंगमध्ये ‘अवेकनिंग’च म्हणत आलो, म्हणून तो शब्द मला खटकलाच नाही.

मग त्याने भिंग दिलं. सहीच्या रेषेत खोलगट चर होती, वळणावर शाईचा चिकट ठिपका. बॉलपेन. अमेरिकेतल्या दुकानात बॉलपेन आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये. जॅकेट निळ्या-जांभळ्या अतिनील दिव्याखाली धरलं तर नव्या शर्टासारखं पांढरंफेक चमकलं. १९३९ चा कागद असा चमकत नाही. ती चमक आणणारी रसायनं कागदात त्यानंतर आली. नव्याने छापलेली जॅकेट्स उघडपणे मिळतात, आणि ती नवी म्हणून विकण्यात काही वावगं नाही.

विकणाऱ्याचा फोन बंद. पोलिसांत आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार केंद्रात तक्रार दिली. बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. बारा हजार डॉलर गेले. त्याहून वाईट होती ती रात्र. त्या माणसाने मला ‘आपला’ म्हटलं होतं, आणि आमच्यासारख्या माणसाला तो शब्द म्हणजे जीव असतो. वीस वर्षांत पहिल्यांदा घशाला दारूची आठवण झाली. मी स्पॉन्सरला फोन लावला आणि तो उजाडेपर्यंत माझ्याशी बोलत बसला.

त्यामुळे घेणाऱ्यांनो, पैसे द्यायच्या आधी बाराव्या पायरीच्या पानाचा, अनुक्रमणिकेचा आणि शेवटच्या पानांचा फोटो मागा. पैसे क्रेडिट कार्डानेच द्या. परत घेण्याची अट लेखी घ्या. ‘आपल्यातल्या’ माणसाकडून तर ती आधी घ्या. खरा आपला असेल तर त्याला राग येणार नाही.

हे आत्ता लिहायचं कारण वेगळंच. पुण्याच्या एका दारू सोडलेल्या मित्राने मागच्या महिन्यात फोटो पाठवले, ‘घेऊ का?’ म्हणून. तेच आजोबा, तेच अॅक्रन, सहीच्या वळणावर तसाच ठिपका. मी त्याला बारावी पायरी मागायला सांगितली. त्याने मागितली. पाच आठवडे झाले, समोरून उत्तर नाही.