आठ दिवसांत सुरकुत्या घालवणारी क्रीम

सुरकुत्यांच्या स्वस्त क्रीममध्ये फसलेल्यांची तक्रार बहुतेकदा 'काहीच फरक पडला नाही' अशी असते. ही फसवणूक परवडली. पैसे गेले, पण कातडी शाबूत राहिली. खरा घात होतो तो फरक भराभर दिसायला लागतो तेव्हा.

दहा मिनिटांत डोळ्यांखालच्या सुरकुत्या गायब करणाऱ्या क्रीममध्ये बहुधा सोडियम सिलिकेटसारखा पदार्थ असतो. वाळताना त्याचा पातळ पापुद्रा धरतो आणि कातडी ताणली जाते. जरा हसलं की पापुद्र्याला तडे जाऊन पांढरी पूड दिसते. तोंड धुतलं की सगळं जैसे थे. जाहिरातीचा व्हिडिओ अर्थातच तोंड धुण्याआधी संपतो.

रात्रीत फरक पडतो तो ओलाव्याचा. ग्लिसरीन किंवा हायलुरोनिक ॲसिडमुळे कोरडेपणाच्या बारीक रेषा भरून येतात. हे खोटं नाही, पण साध्या मॉइश्चरायझरनेही तेच होतं. जादा पैसे जातात ते 'अँटी-एजिंग' या शिक्क्याचे.

आठवड्यात चेहरा गुळगुळीत आणि उजळ झाला, तर मात्र सावध व्हा. डबीवर घटकांची यादी, बॅच नंबर, उत्पादकाचा पत्ता यांतलं काही नसेल, तर आत क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड असू शकतं, नाहीतर पारा. स्टेरॉइडने लाली आणि सूज दबते, म्हणून सुरुवातीला चेहरा छान दिसतो. पुढे कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुम येतात. क्रीम थांबवली की आग आणि लाली उसळते, ती शमवायला माणूस पुन्हा तीच डबी उघडतो आणि विकणाऱ्याचं गिऱ्हाईक कायमचं बांधलं जातं. पारा मूत्रपिंडावर घाला घालतो. यादीत 'कॅलोमेल' किंवा 'मर्क्युरस क्लोराइड' (ही पाऱ्याच्या संयुगाचीच नावं) दिसलं, किंवा 'सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लावू नका' अशी सूचना असली, तर ती क्रीम घेऊच नका.

नामांकित दिसणाऱ्या डब्यांतली लबाडी सभ्य असते. यादीत घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पण १ टक्क्याखालचे कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. त्यात फिनॉक्सीइथेनॉल शोधा. क्रीम खराब होऊ न देणारं हे प्रिझर्व्हेटिव्ह साधारण १ टक्क्यापर्यंतच घालतात. समोर मोठ्या अक्षरांत झळकणारं नियासिनामाइड (व्हिटॅमिन बी३चा प्रकार) त्याच्याही खाली असेल, तर ते जेमतेम नावापुरतं आहे, कारण उपयोगाला ४–५ टक्के लागतं. सुरकुत्यांवर वापरतात त्या रेटिनॉलला (व्हिटॅमिन एचा प्रकार) ही कसोटी लावू नका; ते १ टक्क्याखालीही काम करतं. त्याचा शत्रू उजेड आणि हवा. पारदर्शक, रुंद तोंडाच्या बरणीतलं रेटिनॉल उघडल्यापासून निकामी व्हायला लागतं, म्हणून अपारदर्शक ट्यूब किंवा पंप घ्या. 'रेटिनिल पामिटेट' म्हणजे रेटिनॉल नव्हे, त्याचा बराच दुबळा भाऊ. कातडी घट्ट ठेवणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाचा रेणू तर इतका मोठा की तो कातडीच्या वरच राहतो. व्हिटॅमिन सीचं सीरम तपकिरी झालं असेल तर ते हवेने ऑक्सिडाइझ होऊन निकामी झालंय.

'फक्त पोस्टेज भरा, नमुना मोफत' हा सापळा वेगळाच. बारीक अक्षरांत अट असते की ठरावीक दिवसांत रद्द केलं नाही तर दरमहा कार्डावरून पैसे कापले जातील. त्यात अडकलात तर विक्रेत्याशी वाद घालत बसण्याआधी बँकेला सांगून ती वसुली थांबवा.

कमी पैशांत खरोखर उपयोगी पडतं ते एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं, रोज सकाळी. ऑस्ट्रेलियातल्या २०१३च्या अभ्यासात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या कातडीचं वय, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा, साडेचार वर्षांत २४ टक्के कमी वाढलेलं दिसलं. रेटिनॉल वाटाण्याएवढं, सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच, रात्री. गरोदरपणात अजिबात नाही. फरक दिसायला १२ आठवडे तरी द्या.

संशयास्पद क्रीम महिनोन्महिने लावली असेल, तर डबी फेकू नका. ती घेऊनच त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. स्टेरॉइड कसं कमी करायचं ते त्यांना ठरवू द्या. पाऱ्याची शंका असेल तर लघवीची तपासणी करायला सांगा, घरातल्या लहान मुलांचीही, कारण टॉवेल आणि उशीवरून पारा त्यांच्यापर्यंत पोचतो.