बिलावर ‘स्टेम सेल’ हा शब्दच नव्हता

७,४०,९०० रुपये. एका सेंटरमध्ये भावाच्या ‘स्टेम सेल’ उपचारात, म्हणजे त्याच्याच शरीरातल्या मूळ पेशी काढून परत टोचण्यात, एवढे गेले. आकडा आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कुणी ‘थोडक्यात निभावलं’ म्हणायला नको.

धाकटा भाऊ विहिरीत मोटर सोडताना पडला. डी-१२ चा, म्हणजे पाठीतला बारावा मणका फुटला, मिरजेला रॉड-स्क्रू घातले, पण कमरेखाली काहीच नाही. तिथल्या सर्जननी तिसऱ्याच दिवशी सांगितलं, ‘मज्जारज्जू पूर्ण गेलाय. याला व्हीलचेअर शिकवा, पाठीला जखम होऊ देऊ नका.’ त्या माणसाचा आम्हाला इतका राग आला की टाके काढायलासुद्धा दुसरीकडे गेलो. सगळ्या प्रकरणात खरं बोलणारा तेवढाच एक निघाला.

चौदा महिन्यांनी मोबाईलवर व्हिडिओ आला. बार धरून एक पोरगा चालतोय, आई रडतेय. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. फोन, सेंटरची गोड आवाजाची काउन्सिलर, ‘सर, उशीर केलात तर पेशींचा फायदा कमी होतो.’ तो पोरगा खरा असेलही. पण दुखापत अर्धवट असेल तर पहिल्या वर्षात नुसत्या फिजिओवरही पाय सुधारतात, हे मला कोण सांगणार होतं? जपानने मान्यता दिल्याची बातमीही दाखवली. बातमी खोटी नाही. २०१८ साली तिथे एका उपचाराला मान्यता मिळाली, पण ती सशर्त, ठरावीक मुदतीची, आणि दुखापतीनंतर साधारण महिन्याभरात अस्थिमज्जा काढलेल्या रुग्णांसाठी. आमचे चौदा महिने उलटून गेले होते.

तीन डोस, प्रत्येकी २,१०,००० म्हणजे ६,३०,०००. ‘आजच भरलेत तर ४५,००० कमी.’ भरले ५,८५,०००. भावजयीचं गंठण गहाण, माझ्या पीएफमधून उचल, बाकी मेव्हण्याकडून.

आता जी गोष्ट रात्री झोपू देत नाही ती. मी पतसंस्थेत वसुलीला आहे. दिवसभर लोकांचे कागद तपासतो, जामीनदाराची सही जरा वाकडी असली तरी फाईल परत पाठवतो. आणि त्या सेंटरच्या टेबलावर मी अकरा ठिकाणी सह्या केल्या. बाई बोट ठेवत गेली, मी सही करत गेलो. पावती हातात आली, त्यावर ‘न्यूरो रिहॅबिलिटेशन पॅकेज’. मी विचारलं, हो, विचारलं! ‘मॅडम, यात स्टेम सेल कुठे लिहिलंय?’ ती हसून म्हणाली, ‘इन्शुरन्सवाले त्रास देतात ना सर, म्हणून लिहीत नाही.’ आमचा इन्शुरन्सच नव्हता. तिला ते माहीत होतं, मला तर होतंच. आणि मी मान डोलावली! शेजारी व्हीलचेअरवर भाऊ त्या व्हिडिओतल्या पोराचं वय विचारत होता. त्याच्यासमोर पावतीवरून हुज्जत घालायची? तुम्ही घातली असती का, सांगा.

कमरेच्या हाडातून मगज काढला, तो डबा आत गेला. तीन तासांनी सिरिंजमध्ये फिकट गुलाबी पाणी आलं, ते पाठीतून टोचलं. त्यात काय होतं हे देव जाणे. चार दिवस डोकं उचलवत नव्हतं. आठव्या दिवशी पायाचा अंगठा हलला, फिजिओने लगेच शूटिंग घेतलं, भावजयीने पेढे वाटले. तो स्पॅझम होता, म्हणजे स्नायूंना आपोआप येणारा झटका. घरीसुद्धा यायचा, आम्ही त्याला ‘पाय नाचतोय’ म्हणायचो. जाहिरातीत त्या अंगठ्याचा व्हिडिओ अजून फिरतोय.

वर ‘ग्रोथ फॅक्टर’ची चार इंजेक्शनं ५६,०००, एमआरआय ९,५००, अॅम्ब्युलन्स २२,०००, खोली ३८ दिवसांची ६८,४००. त्या खोलीत एअर बेड नव्हता. भाऊ घरी आला तो माकडहाडावर वाटीएवढी जखम घेऊन. ती भरायला पाच महिने गेले. साडेसात हजाराची गादी आणि वेळेवर कुशी बदलणं, खरा उपचार एवढाच होता.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘पाव्हणं, सही तुमचीच ना?’ मग म्हणे डॉक्टरचं प्रकरण आहे, मेडिकल बोर्डाचा अहवाल आणा. बोर्डवाले म्हणाले, पोलिसांचं पत्र आणा. हे दोनदा झालं. औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्यात उत्तर मिळालं की रुग्णाच्याच पेशी रुग्णाला दिल्या, मग यात औषध कुठे आलं? चमत्कारी उपायांच्या जाहिरातींवर १९५४ पासून कायदा आहे, त्याच्या यादीत पक्षाघात आहे, तो कागद मी पुढे सरकवला. साहेबांनी उलटसुलट पाहिला आणि ‘जाहिरात छापील आहे का?’ विचारलं. डॉक्टरांची नोंदणी होते तिथे प्रतिज्ञापत्र, पाच प्रती, सात महिने. तारखेला गेलो तर समोरच्यांनी माझंच संमतिपत्र दाखवलं. चौथ्या पानावर इंग्रजीत ‘प्रायोगिक’ लिहिलेलं. ऑनलाइन तक्रार ‘निकाली’ निघाली, काय निकाल ते कुठेच नाही. प्रत्येक साहेब शेवटी एकच बोलायचा, ‘शिकलेले असून कसे फसलात?’

अहो, प्रायोगिक असेल तर रुग्णाकडून पैसे घेताच येत नाहीत! आयसीएमआरच्या, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिलंय. रक्ताच्या वगैरे आजारांतलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा बाकी सगळा कारभार संशोधनातच मोडतो, आणि संशोधनाची सीटीआरआयकडे, म्हणजे रुग्णांवरच्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंद लागते. मला हे कळलं पैसे गेल्यावर. तुम्ही आधी त्या नोंदीचा नंबर मागा. बिलावर उपचाराचं नाव लिहून मागा. ‘आजच भरा’ म्हणाले की उठा. उपचाराआधीची तपासणी त्यांच्या फिजिओकडून नको, बाहेरच्या डॉक्टरकडून करून घ्या, नाहीतर ‘सुधारणा’ तेच ठरवतात. आणि ग्राहक आयोगात जायचं तर दोन वर्षांच्या आत. मी बावीसाव्या महिन्यात पोचलो, तीन तारखा झाल्या, समोरून वकीलसुद्धा येत नाही.

आमचा नंबर त्यांनी कुणाकुणाला दिलाय कोण जाणे. वेगवेगळ्या सेंटरमधून फोन येतात, तोच गोड आवाज, तेच ‘उशीर करू नका’. मी सीटीआरआयचा नंबर विचारतो. आत्तापर्यंत चौघांनी फोन ठेवला. पाचवी म्हणाली, ‘सर, तो नंबर अॅडमिशननंतर मिळतो.’