टायरला पॉलिश, मालकाला चुना: ६४,५०० रुपयांचा हिशोब

आधी आकडे. चार टायर २८,८०० रुपये. पुढच्या ब्रेकच्या दोन डिस्क १०,९००. पुढचे पॅड ३,८५०, मागचे २,९००. मागची दोन बेअरिंगं ८,३००. ब्रेक ऑइल दोन लिटर १,४००. अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,८५०. मजुरी ६,५००. एकूण ६४,५००. त्यातले वीस हजार यूपीआयनं, तेही गॅरेजच्या नावावर नाही, भलत्याच कुणाच्या खात्यात. उरलेले ४४,५०० रोख. बदल्यात हातात आलं वहीचं फाडलेलं पान. त्यावर जीएसटी नंबर नाही, टायरचे नंबर नाहीत, तारीखसुद्धा नाही.

गाडी ऑक्टाविया आरएस, २००५ची, १.८ टर्बो पेट्रोल. असली जुनी गाडी कोकणात सांभाळणारा स्वतःला गाड्यांतला जाणकार समजतो, म्हणून हे लिहिताना कान गरम होतायत. गॅरेज महामार्गालगतचं, चिपळूण आणि लांजा यांच्या मधलं. नाव लिहीत नाही, वकिलांनी बजावलंय. यांची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे: एक खरा दोष धरायचा, त्याच्या शेपटीला चार खोटे बांधायचे, आणि "घाटात काय झालान तर आमाला सांगू नका" म्हणून पोटात गोळा आणायचा.

खरे दोष दोनच होते. साठच्या पुढे मागून वूंऽऽ असा आवाज, वेगाबरोबर चढत जाणारा. आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची.

आवाज मागच्या टायरांचा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागचा भाग हलका असतो. टायरांची अदलाबदल वेळेवर केली नाही किंवा शॉकअप थकले, की मागच्या टायरचे ठोकळे करवतीच्या दातांसारखे झिजतात. हाताचा पंजा टायरवर एका दिशेनं फिरवा, गुळगुळीत लागेल. उलट फिरवा, बोटांना दात लागतील. याला ना यंत्र लागतं ना मेस्त्री. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे केले असते तर हा आवाज आलाच नसता. ती चूक माझी, ती कबूल.

गॅरेजवाल्यानं मात्र निदान केलं "बेअरिंग गेलंय". महामार्गाच्या काँक्रीटवर चालवून दाखवलं, "ऐका". काँक्रीटवर कुठलाही टायर डांबरापेक्षा जास्त गुणगुणतो, हे मला माहीत होतं. तरी मान डोलावली. बेअरिंग ओळखायचं असेल तर रिकाम्या रस्त्यावर सत्तरला गाडी हलकेच डावी-उजवी झुलवा. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्या बेअरिंगवर. वळवून काही फरक पडत नाही, पण काँक्रीटवरून डांबरावर आल्यावर आवाजाची जातच बदलते, तर तो टायर. आणखी खात्री हवी असेल तर गाडी जॅकवर घ्या, एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हातानं चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून तळव्याला कळते.

बेअरिंगं बदललीच नव्हती. अॅलॉयच्या मधलं प्लास्टिकचं झाकण काढलं की आत हबची, म्हणजे चाकाच्या मध्याची, पत्र्याची टोपी दिसते. बेअरिंग बदलायला ती टोपी ठोकून काढावीच लागते, त्यात ती चेपते, बहुधा नवीच बसवतात. आतला मोठा नटही एकदा सोडला की परत वापरायचा नसतो, नवा घालायचा. माझ्या गाडीच्या दोन्ही टोप्यांच्या कडेला कित्येक पावसाळ्यांची तांबडी माती सिमेंटसारखी घट्ट बसलेली होती. नखानं खरवडूनही निघेना. ८,३०० रुपये.

डावीकडे ओढण्याचं कारण उजव्या पुढच्या कॅलिपरची, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याची, गाइड पिन; तिच्यावर तो सरकतो. रबरी बूट फाटला, खारी हवा आणि पावसाचं पाणी आत गेलं, पिन गंजून जाम. मग कॅलिपर सरकत नाही, आतला पॅड पत्र्यापर्यंत संपतो, बाहेरचा जवळजवळ कोरा राहतो, आणि ते चाक अर्ध्या ताकदीनं धरतं. समुद्राकाठच्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं. पिना काढून घासायच्या, नवे बूट घालायचे, ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावायचं. साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि महिनाभरात पुन्हा तेच. सगळं सामान ६५० रुपयांचं. हे काम बिलातही नव्हतं आणि केलंही नव्हतं. नवे पॅड घालून गाडी डावीकडेच ओढत राहिली, तेव्हा तो म्हणाला, "पॅड बसायला वेळ लागतो, शेट." अर्धं खरं आहे ते. नवे पॅड बसायला दोन-तीनशे किलोमीटर जातात. अर्ध्या खऱ्यावरच तर हे जगतात.

डिस्क "नव्या" म्हणजे माझ्याच जुन्या, लेथवर घासून मधल्या टोपीला चांदीचा रंग मारलेल्या. नवी डिस्क बहुधा गंज लागू नये म्हणून तेलाचा हात मारून येते, ती क्लीनरनं पुसूनच बसवावी लागते. घासलेलीवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या गोल रेघा दिसतात. टोपीवर नख मारा, रंगाखालून गंज निघतो. डिस्क धरून ठेवणाऱ्या छोट्या स्क्रूचा खाचा झिजलेला असेल तर तो कोऱ्या डिस्कवरचा कोरा स्क्रू नाही, एवढं तरी समजा. मुख्य गोष्ट जाडी. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, माझ्या डिस्कवर २२ मिलिमीटर होती. मोजल्यावर डावी २२.३, उजवी २१.६. म्हणजे एक डिस्क भंगारात जायच्या लायकीची, आणि त्यावर मी बायको-मुलांना घेऊन आंबा घाट उतरलो.

तो घाट राहू दे. साखरप्याच्या बाजूला अर्ध्यात पेडल मऊ झालं आणि मग खालपर्यंत गेलं. दुसऱ्या गिअरवर आणि हँडब्रेकवर गाडी थांबवली, पाऊण तास थंड होऊ दिली. "दोन लिटर" ब्रेक ऑइल म्हणजे फक्त डब्यात वरून ओतलेलं. आतलं जुनंच, चहाच्या काढ्यासारखं काळपट. हे तेल हवेतली ओल पितं. डॉट ४ दर्जाचं कोरं तेल किमान २३० अंशांना उकळतं, ओल प्यालेलं १५५च्या आसपाससुद्धा उकळू शकतं, आणि उकळलं की पाइपात वाफ होते. वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. कोकणच्या हवेत दोन वर्षांच्या वर ते ठेवूच नका. आणि पूर्ण बदलायला एक लिटर पुरतं; दोन लिटर लिहिलेलं वाचूनच मी उठायला हवं होतं.

मागच्या कॅलिपरचंही वाटोळं केलंन. या गाडीत हँडब्रेक मागच्या कॅलिपरमध्येच असतो, पिस्टन दाबताना फिरवत आत घालावा लागतो. साधा क्लॅम्प लावून रेटला की आतली आपोआप अॅडजस्ट होणारी रचना मोडते. डावं चाक आता जॅकवरसुद्धा जड फिरतं.

आता टायर. गाडी ताब्यात घेतली संध्याकाळी सातला, पाऊस, गॅरेजात एकच ट्यूब. मी वाकून टायरला अंगठा लावला. अंगठा काळा आणि ओला झाला. नव्या टायरला असं होत नाही. नव्या टायरवर बहुधा रबराचे बारीक केस असतात, ते नव्हते. मला दिसलं. मी रुमालाला अंगठा पुसला आणि पाकीट काढलं! जुने पार्ट मागितले तर, "भंगारवाल्यान आताच नेलान." पावसात, सातला, कुठला भंगारवाला? टायर कधी बनला ते सांगणारा तारखेचा कोड बाहेर दिसत नव्हता, त्यावर उत्तर तयार: "असिमेट्रिक टायर हाय, कोड आतच येतो." काही टायरांत तसं येतंही, म्हणून मी गप्प. फोनचा टॉर्च घेऊन चिखलात आडवं व्हायला दोन मिनिटं लागली असती. पँट खराब झाली असती, बस्स.

सतरा दिवसांनी पालीजवळ पंक्चर झाली. पंक्चरवाल्या पोरानं टायर रिमवरून उतरवला आणि माझ्याकडे बघून हसला. आत जुन्या पंक्चरचा पॅच. कोडचे शेवटचे चार आकडे २२१५, म्हणजे २०१५चा बाविसावा आठवडा. खोबणी खोल दिसत होत्या कारण त्या तापल्या पात्यानं नव्यानं कोरल्या होत्या. खोबणीच्या तळाशी झीज दाखवणाऱ्या रबराच्या आडव्या गाठी असतात, दंडुकल्यासारख्या, १.६ मिलिमीटर उंचीच्या. टायरच्या कडेवर टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं, त्याच्या सरळ रेषेत बघा. माझ्या टायरांत त्या गाठी मधोमध कापलेल्या. खाली रबर किती उरलं असेल ते कारच्या टायरात कुणी मोजत बसत नाही, थेट फुटल्यावर कळतं.

पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या. पहिल्यांदा साहेब गणपतीच्या बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा, "गाडी चालते ना? मग फसवणूक कसली?" तिसऱ्यांदा मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) छापून नेलं, तर म्हणाले, दिवाणी बाब आहे, पक्कं बिल आणा. पक्कं बिल असतं तर कशाला आलो असतो, बाबांनो! अर्जाची पोच द्यायलाही अर्धा तास हुज्जत. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. घाटावरच्या सर्व्हिस सेंटरनं तपासणीचे १,१८० रुपये घेतले, डिस्क बघून तोंडानं "हे भयंकर आहे" म्हणाले आणि कागदावर एक अक्षर लिहायला तयार नाहीत: दुसऱ्याच्या कामावर आम्ही शेरा देत नाही. आणखी एका सरकारी खिडकीवर कळलं की त्यांचा विषय पॅकबंद मालाचा, आणि टायर काही डब्यात नव्हते. प्रत्येकाच्या टेबलावर पंखा, प्रत्येकाच्या तोंडी "पुढच्या आठवड्यात या", आणि माझी प्रत्येक फेरी नव्वद किलोमीटरची, पेट्रोल माझं. ज्यानं घाटात माणसं मारायची सोय केली त्याचं शटर मात्र रोज सकाळी नऊला उघडतं.

शेवटी गाड्यांची तपासणी करणाऱ्या परवानाधारक सर्व्हेअरकडून ३,५०० रुपयांत लेखी अहवाल घेतला. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, आणि यूपीआयच्या वीस हजारांची नोंद हा पैसे दिल्याचा एकमेव पुरावा तिथे तरी पुरावा मानतील. रोख दिलेल्या ४४,५००बद्दल मी काहीच दाखवू शकत नाही. म्हणून रोख देऊ नका. आणि काम सुरू व्हायच्या आधी जुन्या डिस्कवर, पॅडच्या पत्र्यावर कायम शाईच्या पेननं आतून खूण करून ठेवा, फोटो काढा. चाकाचे बोल्ट एअरगननं ठोकू देऊ नका, या गाडीला १२० न्यूटन मीटर पुरतात, टॉर्क रेंचनंच.

त्यानं ठेवून घेतलेल्या माझ्या पुढच्या दोन टायरांत पाच मिलिमीटर खोबण शिल्लक होती. २०५/५५ आर १६, कोड ३१२१, एकाच्या आतल्या कडेला वॉल्व्हपासून वीतभर अंतरावर आडवा चरा आहे, गोठ्याच्या फाटकाला घासलेला. रत्नागिरी-चिपळूण पट्ट्यात कुणाला ही जोडी "नवी" म्हणून मिळाली असेल, तर मला कळवा. आयोगात तो चरा दाखवायचाय.